डावखुऱ्यांची खरेदी

बेसबॉलचा सीझन संपला की मॅचेस नसतात, नुसती खरेदी असते. अमेरिकेतल्या श्रीमंत टीम्स हिवाळाभर खेळाडू विकत घेत सुटतात. दिवाळीच्या आधी लंडनमधल्या साउथॉलला गेल्यावर आमचे बाबा मिठाई घेतात ना, घरात दोन बॉक्स न उघडलेले असतानाही, अगदी तसं. आणि या सगळ्यात जास्त सुटलेली टीम म्हणजे हेरन्स.

आमचा साकेतदादा हेरन्सचा आहे. म्हणजे त्यांच्या अगदी तळातल्या टीममध्ये, जिथले खेळाडू बसमध्ये झोपतात आणि हिवाळ्यात घरी येऊन सुपरमार्केटमधले शेल्फ भरतात. पण आहे. क्रॉयडनच्या ट्रॅममधून बेसबॉलची बॅग घेऊन जाणारा आणि थेट अमेरिकेत पोचलेला दुसरा कुणी मराठी मुलगा तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा.

दादा डाव्या हाताने पिच करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो, आणि या वर्षी हेरन्सना डावखुऱ्या पिचर्सचं वेडच लागलं होतं. एक घेतला सहा वर्षांसाठी. नाताळच्या आधी दुसरा. दादा किचनमध्ये उभ्याउभ्या फोनवर बातमी वाचायचा आणि टोस्ट तसाच टाकून वर जायचा. कारण वरती एक नवा आला की बाकीचे सगळे एकेक पायरी खाली सरकतात. तळाशी उभा असलेल्याला सरकायला खाली पायरीच नसते.

"अरे, एवढा पैसा आहे त्यांच्याकडे, तर तुला एकट्याला ठेवायला त्यांचं काय जातंय?" आईने विचारलं.

"पैसे नाहीत म्हणून नाही काढत गं," दादा म्हणाला. "मार्चमध्ये सरावाच्या कॅम्पला किती जण न्यायचे ते ठरलेलं असतं."

आईला हे काही पटलं नाही. ती हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. तिच्याकडे माणसं नेहमी कमीच असतात.

हिवाळ्यात आमच्याकडे समोर बसून चेंडू पकडणारा कॅचर कुठून मिळणार? म्हणून मी. आधी मी डोळे मिटून घ्यायचे, खरंच. चेंडू ग्लोव्हमध्ये आला की नाही हे आवाजावरून कळायचं. पण आता मी भारी कॅचर आहे, हे मीच सांगते, कारण बाकी कुणी बघायला नव्हतं. माझ्या शाळेचा स्पोर्ट्स हॉल संध्याकाळी आणि वीकेंडला भाड्याने मिळतो. तिथे गुडघे वाकवून बसले की मी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी तनू नसते. मी दादाला ओरडून सांगते, खांदा उघडतोय, पाय लवकर पडतोय. आणि तो ऐकतो.

हेरन्सनी त्याला एक रडार पाठवलं होतं, चेंडूचा वेग मोजणारं. महागडी वस्तू, कुरियरने आलेली. त्यावरची कस्टम ड्यूटी मात्र बाबांना भरावी लागली आणि बाबा अजून ते विसरलेले नाहीत. दर आठवड्याला रडार दिसेल असा एका सेशनचा व्हिडिओ कोचला पाठवायचा, असा नियम.

जानेवारीत दादाने कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, टाकणं बंद केलं. सरळ चेंडूचा आकडा छान यायचा, पण पाचसहा चेंडू झाले की तो "बास आजचं" म्हणायचा. रडारला फक्त वेग कळतो. मी समोर बसलेली असते, मला त्याची बोटं दिसायची. चेंडू सोडल्यावर ती थरथरायची. घरी चहाचा कप तो उजव्या हाताने उचलायला लागला.

मग टी-शर्टची भानगड सुरू झाली. तो रोज थोडे थोडे चेंडू टाकायचा आणि नंतर चांगले तेवढे जोडून एकच सेशन वाटेल असा व्हिडिओ बनवायचा. म्हणून रोज तोच निळा टी-शर्ट. मलाही रोज तोच हूडी, वेणीही तशीच. आईने विचारलं की तुम्हाला दुसरे कपडे नाहीत का. आम्ही सांगितलं, लकी आहेत.

घरात एक अख्खी डॉक्टर होती आणि आम्ही तिला लकी हूडीच्या गोष्टी सांगत होतो. मी शंभर वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले असेन. कळलं असतं तर तिने त्याला त्याच मिनिटाला थांबवलं असतं, आणि दादाने मला न सांगण्याची शपथ घातली होती.

तेवढ्यात हेरन्सनी तिसरा डावखुरा घेतला. याच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं. तो वर्षभर चेंडूला हात लावणार नव्हता, तरी दोन वर्षांचा करार, लाखो डॉलर्स. मी बातमी वाचून नाचायचीच बाकी राहिले होते. जी टीम दुखापतवाल्यासाठी एवढे थांबते, ती दादासाठी थांबणार नाही? मला अगदी, अगदी खात्री वाटली.

दोन दिवसांनी कोचचा मेसेज आला. रविवारी लाइव्ह बघायचंय, व्हिडिओ कॉलवर, सगळे पिचेस, कर्व्हसकट.

शनिवारभर मी वायफाय जाऊ दे, बर्फ पडू दे, हॉलची चावी हरवू दे, जे सुचेल ते मागत होते. रविवारी दुपारी हॉलमध्ये वायफाय इतकं छान होतं की विचारू नका.

पहिले चेंडू सरळ. कोच फोनमधून "नाइस, नाइस" करत होता. मग त्याने कर्व्ह मागितला. दादाने टाकला तो माझ्या दोन हात पुढे जमिनीवर आदळला. कोच म्हणाला, हरकत नाही, पुन्हा. दादाचा चेहरा पांढरा पडला होता.

बेसबॉलमध्ये कॅचरला खेळ थांबवून पिचरकडे चालत जाता येतं. दोघं तोंडावर ग्लोव्ह धरून बोलतात, म्हणजे ओठ दिसत नाहीत. मी उठून गेले. मराठीत बोलायचं होतं, तरी ग्लोव्ह धरला.

"दादा, बास."

"मागे जाऊन बस."

"सांग ना त्यांना. त्या ऑपरेशनवाल्यासाठी थांबतायत की ते."

तो हसला, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. "तो त्यांनी विकत घेतलाय, तनू. मला नुसतं ठेवलंय."

"तरी मी नाही पकडणार."

"हे गेलं तर माझ्याकडे काय आहे, सांग?"

मी मागे गेले आणि बसले नाही. मास्क काढून भिंतीला टेकून उभी राहिले. ग्लोव्ह जमिनीवर ठेवला. दादा चेंडू बोटांत फिरवत माझ्याकडे बघत राहिला. फोनमधून कोच विचारत होता, एव्हरीथिंग ओके? शेवटी दादा फोनकडे चालत गेला आणि म्हणाला की कोपर दुखतंय, ख्रिसमसच्या आधीपासून.

कोच फार चांगलं बोलला. खरं सांगितल्याबद्दल थँक यू म्हणाला. आणि मी, मूर्ख, परत येताना ट्रॅममध्ये स्वतःवर खूश होते.

गुरुवारी हेरन्सचा फोन आला. उपचाराचा सगळा खर्च आम्ही करू, ते म्हणाले. त्यात त्यांनी एक क्षणही घासाघीस केली नाही. करार मात्र संपला. ऑल द बेस्ट. त्या संध्याकाळी बाबा दादाच्या दाराबाहेर जेवणाचं ताट घेऊन उभे होते. दार उघडलं नाही, ताट गार झालं. दादा माझ्याशी बोलेना. मी जिन्यात समोर आले तर तो भिंतीकडे बघून उतरायचा. मी त्याला मेसेज करत राहिले, सॉरी, सॉरी, मग एक सॉरी नसलेला, की मी परत तसंच करेन. तो त्याने वाचला.

रविवारी तो खाली आला. आई डायनिंग टेबलावर वाटाणे सोलत होती. त्याने खुर्ची ओढली, बाही वर केली आणि डावा हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला. आईने वाटाणे बाजूला सारले, हात पुसले, दोन बोटं कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून हळूच दाबलं. दादाने श्वास ओढला.

"कधीपासून?" आईने विचारलं.

दादाने दारात उभी असलेल्या मला पाहिलं. "तिला जायला सांग."

मी गेले नाही.