मागचं डावं चाक

पिकअपचे ब्रेक पॅड बदलले, शॉकॲब्सॉर्बर तपासले, पुढचे टायर मागे केले. चाकांचे नट आधी हाताने बसवायचे आणि गाडी जमिनीवर उतरली की पान्याने आवळायचे, ही आमच्या गॅरेजची पद्धत. आवळायचं काम मेहुण्याचं. मी आतूनच ओरडलो, "झालं का रे?"

"झालं!"

मी धाकट्या भावाच्या हातात किल्ली दिली. तो मालाने भरलेली गाडी घेऊन घाटाच्या उताराकडे निघून गेला.

मग मेहुणा फोन खिशात घालत आला. "गाडी कुठंय? मागचं डावं चाक आवळायचं राहिलंय."

"गाढवा, झालं म्हणालास ना?"

"ते ताईला. जेवण झालं का, विचारत होती."

ताई म्हणजे माझीच बायको. आता बोंबलू कुणाच्या नावाने?

भावाला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचललास तर तंगडं मोडीन, असा दम मीच त्याला दिला होता. नेमकं आजच त्याला शहाणपण सुचलं होतं.

पाना घेऊन आम्ही स्कूटरवर सुटलो. प्रत्येक वळणावर मी आधी खाली दरीत बघत होतो, मग पुढे. उताराच्या तोंडाशी गाडी उभी दिसली. भाऊ चाकाशी वाकला होता.

"मागून खडखड येत होती, म्हणून थांबलो," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे न बघता खाली बसलो आणि एकेक नट आवळला.

"झालं का?" त्याने विचारलं.

माझ्या तोंडातून तो शब्द काही निघेना. मी पाना पुन्हा पहिल्या नटाला लावला.