पेशी फुटल्यावर

तीन वर्षं धाकटी एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली होती. शरीरातल्या रक्षक पेशी जंतूंना गिळतात. पण काही जंतू इतके निर्लज्ज, की पेशीच्या पोटातच आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतात. धाकटीचं औषध अशा पेशीलाच मरायला लावायचं. घरच गेलं तर भाडेकरू राहणार कुठे? दर वेळी तपासलं, की जंतूंचा मागमूस नसायचा. तिच्या प्रयोगशाळेतल्या सरांनी हे परिषदेत सांगायचं ठरवलं. हिने आधीच दादाला सांगितलं.

दादाच्या उजव्या फुप्फुसात तेच जंतू होते. त्यावर जुना उपचार म्हणजे वर्षभर रोज सुई, वर कान जायची भीती. रोगापेक्षा इलाज भयंकर. बहिणीचं औषध येईपर्यंत थांबतो, असं त्याने डॉक्टरांना सांगून टाकलं. दोन महिने तो थांबला होता.

सोमवारी तिच्या हातून चूक झाली. पेशी वाढवायच्या द्रवात नेहमी एक प्रतिजैविक घालतात. ते पेशीच्या आत शिरत नाही, बाहेर राहिलेले जंतू तेवढे मारतं. त्या दिवशी ती ते घालायलाच विसरली. मंगळवारी पाहते तर जंतूच जंतू. पेशी मेल्या होत्या, पण फुटून. आतले जंतू जिवंत बाहेर पडून मोकाट वाढले होते. म्हणजे तीन वर्षं त्यांना मारत होतं ते प्रतिजैविक. तिचं औषध नुसतं दार उघडून देत होतं.

तिने पुन्हा दोनदा करून पाहिलं. तेच. सगळं मुसळ केरात गेलं होतं आणि तिला काहीच वाटत नव्हतं. तिने प्लेटांवर तारखा घातल्या, हात धुतले. सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी ती दादाला ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेली. दादा जेवत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"मला दिलं असतं तर?"

"रोग पसरला असता."

"तुला कळलं कधी?"

"मंगळवारी."

त्याने ताट बाजूला सारलं. "सकाळी डॉक्टर आले होते. डावीकडेही पसरलंय म्हणाले, आजच सुई घ्या म्हणाले. मी म्हटलं, अजून आठवडाभर थांबू, ती आणतेच आहे."

आपल्याला रडू यायला हवं, हे धाकटीला कळत होतं. तिने नर्सला बोलावलं आणि दादाची बाही वर दुमडून दिली.