खडीवरचं हिरवं

"ही माती बदलून मिळेल का हो?"

मी एका कबरीपाशी गुडघे टेकून बसलो होतो. वळून पाहिलं तर डोक्याला रुमाल बांधलेली साठीची एक बाई, हातात प्लास्टिकची पिशवी. याच कबरीतल्या आसिमची बायको, रेम्झिया. सहा वर्षांपूर्वी त्याला पुरलं त्या दिवशी पाहिली होती, त्यानंतर आज.

"मातीला काय झालंय?" मी विचारलं.

"इथे काही म्हणता काही उगवत नाही."

या बाईला ऐकवायची दोन वाक्यं मी सहा वर्षं तयार ठेवली होती. ती आता तोंडाशी आली होती.

गेली एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या चर्चची दफनभूमी सांभाळतो. कबरी खणतो, घंटा वाजवतो, रविवारी गायच्या गीतांचे पुस्तकातले आकडे चर्चमधल्या फळीवर लावतो. पण मला विचाराल तर माझं खरं काम दाताळ्याचं. इथे जटलंड प्रांतात कबरींभोवती बारीक खडी पसरतात, आणि दर शुक्रवारी मी तिच्यावर दाताळ्याने रेषा ओढतो, एकदम सरळ. रविवारी लोक उपासनेला येतात तेव्हा खडीवर पावलाची खूण नसते आणि तणाची काडी नसते. लोक बघतात आणि म्हणतात, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही.

फक्त आसिमची कबर मला छळायची. हा बोस्नियाचा माणूस, लढाईतून पळून आलेला, वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात राबला. त्यांच्या रीतीप्रमाणे मक्केकडे तोंड हवं म्हणून कबर रांगेला तिरकी खणावी लागली, आणि माझ्या रेषा तिथे येऊन अडखळायला लागल्या. तेही चालवून घेतलं. पण तण! त्याची बायको मुलीकडे ऑरहूस शहरात राहायला गेली आणि कबरीवर बघावं तेव्हा गवत. नियमाने मी तिथे पाटी खोचायला हवी होती, की नातेवाइकांनी कार्यालयात येऊन भेटावं. पण मी खोचली नाही. परधर्माचा का असेना, शेवटी माणूसच होता, असं म्हणून दर आठवड्याला स्वतः खुरपत बसलो. आमच्या चर्चमंडळाची अध्यक्ष बोडिल माझ्याच वर्गातली. ती म्हणायची, "एव्हाल्ड, अरे, तुझी स्वर्गातली जागा पक्की झाली बघ." मी नको नको म्हणायचो. आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि घरी जाऊन बायकोला सांगायचो, "त्यांच्यात मेलेल्या माणसाची काही किंमत नसते बहुतेक. पुरलं की विसरले." थोरा बटाटे सोलत राहायची. आता तीही इथेच आहे, आसिमपासून तीन रांगा पलीकडे.

तर ती दोन वाक्यं मी बोलणारच होतो, तेवढ्यात रेम्झिया कबरीशेजारी बसली.

"मी दर वर्षी येऊन बी टाकते," ती म्हणाली. "तीन पानांचं गवत, थोडं साधं गवत. सकाळच्या बसने येते आणि दुपारच्या बसने जाते."

"तुम्ही येता? मी तर कधी पाहिलं नाही."

"रविवारी येते ना. तुम्ही सगळे तेव्हा आत गात असता. आता रविवारची बस बंद केली, म्हणून आज गुरुवारी आले."

"पण गवत कशाला? छान फुलझाडं मिळतात की."

"काहीही चालतं, हिरवं असलं की झालं. जे हिरवं असतं ते देवाचं नाव घेत असतं, असं आमच्यात म्हणतात. कबरीवरचं गवत जितके दिवस हिरवं, तितके दिवस खालच्याला हलकं वाटतं. म्हणून आम्ही ते उपटत नाही." तिने खडीवरून हात फिरवला. "माझा आसिम प्यायचा हो. नमाजही सोडला होता त्याने. लढाईत भाऊ गेला त्याचा, तेव्हापासून. नणंद म्हणते, बघ, त्याच्या कबरीवर गवतसुद्धा उभं राहत नाही. देवालाच नको असेल. मी तिच्याशी भांडते. पण सहा वर्षं झाली की हो. तुम्हाला मातीतलं कळतं. खरं सांगा, मातीचाच दोष आहे ना?"

माझ्या मांडीला बादली टेकलेली होती. तिच्यात त्या सकाळचं तण होतं, मुळांसकट, ओलं. त्यात तीन पानांचं गवत बरंच होतं.

"हलकी आहे इथली माती," मी म्हणालो. "वाळू जास्त."

म्हणजे खोटं बोललो, तेही चर्चच्या भिंतीशी बसून. तिचा चेहरा थोडा सैल झाला. तिने माझे आभार मानले, पिशवीतलं बी टाकलं, ओंजळ वर करून काहीतरी पुटपुटली आणि बसथांब्याकडे गेली.

मी अवजारांच्या खोलीमागे बादली रिकामी केली. तिथे ढीग होता, कमरेएवढा, वर्षानुवर्षांचा. त्याच्याकडे बघत उभा राहिलो. दर सप्टेंबरात आमची सुगीची उपासना असते. तेव्हाच्या स्तोत्रात शेतं, झाडं आणि त्यांतलं सगळं सगळं देवाची स्तुती करतं. त्याचा आकडा मीच लावतो फळीवर. एकतीस वेळा लावला, एकतीस वेळा गायलो, आणि शेवटच्या कडव्याला माझं लक्ष कॉफीच्या किटलीकडे. ते खरं असेल असं एकदाही डोक्यात आलं नाही. या बाईने ते खरं मानलं आणि दर वर्षी बस पकडून बी टाकायला आली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मी शब्दशः केलं होतं, गुडघ्यांवर बसून, सहा वर्षं. फार लाज वाटली मला.

मी थांब्यावर गेलो. बस यायला दहा मिनिटं होती.

"मातीत काही दोष नाही," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. सगळं उगवत होतं. मी उपटत होतो."

तिला कळलंच नाही आधी. "काय उपटत होतात?"

"तुमचं गवत. दर आठवड्याला. मला वाटलं, तण आहे. मला वाटलं, तुम्ही त्याला टाकून दिलंय."

"दर आठवड्याला?"

"हो. बर्फ असेल तेव्हा नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला?"

"कुणी नाही."

"मी रात्र रात्र..." ती थांबली. आता ही मला शिव्या देणार असं वाटलं, आणि तिने दिल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं. पण तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे उगवत होतं?"

"उपटावं तितकं. एवढं चिवट गवत मी दुसऱ्या कुठल्याच कबरीवर पाहिलं नाही."

तिने फोन काढला. तिच्या भाषेत भराभर बोलत होती, रडत होती, मधेच एकदा मोठ्याने हसली. नणंदच असणार पलीकडे. बस आली. पायरीवर चढून ती वळली आणि म्हणाली, "तुम्ही फार मेहनती आहात." ती माफी होती की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सप्टेंबरात वार्षिक पाहणी झाली. चर्चमंडळ वह्या घेऊन रांगारांगांतून फिरलं. आसिमच्या कबरीवर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं, वर मधमाश्या.

"एव्हाल्ड, हे काय रे?" बोडिल म्हणाली. "म्हातारा झालास की काय?"

"तसंच राहणार आहे ते. घरच्यांची इच्छा आहे."

"आणि तुझी स्वर्गातली जागा?"

"ती तू घे."

बोडिलने वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही तीन रांगा पुढे गेलो. थोराच्या कबरीची खडी स्वच्छच होती, फक्त दगडाच्या पायथ्याशी तीन पानांची दोन रोपं आली होती. बी वाऱ्याने आलं असेल. बोडिल सवयीने वाकली.

"राहू दे," मी म्हणालो.

"अरे, थोराला खपलं असतं का हे?"

मी विचार केला. थोराला सुगीचं स्तोत्र पाठ होतं. फळीकडे न बघता गायची.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिला कधी विचारलंच नाही."

सगळे पुढे गेले. मी दाताळं घेतलं आणि थोराच्या कबरीभोवती रेषा ओढायला लागलो. रोपांपाशी आल्यावर दाताळं जरा उचललं आणि रेषा बाजूने वळवून घेतल्या.