खालून येणारं पाणी

"अवसंच्या दुपारी नदीत उतरू नको," शेजारच्या रजियाबी म्हणाल्या होत्या. "इथं पानी खालून येतंय."

"नदीचं पाणी खालून येत नसतं, रजियाबी. मी भूगोल घेऊन बी. ए. केलंय."

रजियाबी मूळच्या सास्तूरच्या. नवरा रेल्वेत, म्हणून माझ्याआधी दहिसरला आलेल्या.

दहिसरची नदी तुळशी तलावाजवळच्या डोंगरातून निघते, बोरिवलीवरून येते, रूळ ओलांडते आणि मनोरीच्या खाडीत संपते. आमच्या उमरग्याकडं एवढ्याला ओढा म्हणतात. आमची चाळ रुळांच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला.

घट बसायच्या आधी आमच्यात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर धुतात. घट बसतात अवसंच्या दुसऱ्या दिवशी. माझं धुणं राहत राहत अवसंवरच आलं. पूर कुठून येतो ते मला ठाऊक होतं, म्हणून धुताना सारखी डोंगराकडं बघत होते. ढगाचा पत्ता नव्हता. रांगत्या पोरीला खालच्या बाजूला, वाळत घातलेल्या वाकळांवर बसवलेलं. वरून काही आलंच तर मधे मी होते.

एक चप्पल माझ्या शेजारून डोंगराकडं वाहत गेली. कुणाची असेल, असं मनात आलं.

मागं वळले तेव्हा वाकळा तरंगत होत्या. पोर रजियाबींच्या कडेवर होती आणि रजियाबी कमरेपर्यंत पाण्यात.

"बी. ए. झालीस न्हवं? आता वाकळा उचल."

त्या वाकळा मिठानं पापडासारख्या कडक झाल्या.

यंदा मी दुसऱ्या बाळंतपणाला उमरग्यात माहेरी आहे. रजियाबींच्या नवऱ्याची बदली झाली. दहिसरला यांचं जेवणखाण बघायला माकणीहून सासूबाई गेल्यात. जायच्या आधी मी त्यांना म्हटलं,

"आत्याबाई, अवसंला नदीवर जाऊ नका."

"गप ए. तेरणंच्या काठाला जल्म गेला माझा. नदी मला शिकवतीस व्हय?"

"तिथं पाणी खालून येतं."

"आन् म्हणं कालेज शिकलेली!"

यांना पत्र टाकलंय. पण हे दुपारी कामावर असतात, आणि आईला नको म्हणणं यांना कधी जमलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी बोरिवली-दहिसरकडं राहत असेल, तर सर्वपित्री अवसंला, दुपार व्हायच्या आत, रुळांपलीकडं नदीवर एकदा जाऊन या. हिरव्या इरकली लुगड्यातल्या एक बाई डोंगराकडं तोंड करून वाकळा आपटत असतील. नाव गौराबाई. भूगोल समजावत बसू नका. हाताला धरा आणि वर आणा.