ओडनीची ताटं

आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मला काम शिकवलं ते ओडनीनं. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी ताटं लावली. कुणाला मीठ चालत नाही, कुणाच्या घशात घास अडकतो, हे तिला तोंडपाठ असायचं.

गेल्या ऑक्टोबरात तिनं एकाच सूपमध्ये दोनदा मीठ घातलं. पुढच्या आठवड्यात बटाटे उकळायला ठेवले आणि गॅस पेटवायचा राहिला. मग ताटांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे होऊ लागल्या.  ताटं वर जायच्या आधी मी एकेक तपासायचे आणि गुपचूप अदलाबदल करायचे.

"टोरुन, हल्ली माझ्यामागे सासूसारखी उभी राहतेस," ती एकदा म्हणाली.

"तुझ्या हाताखाली शिकलेय, तुझीच खोड लागली."

ती हसली. मी तिला डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं, तर म्हणाली, "साठी झाली की सगळेच विसरतात. कोरेला मात्र सांगू नकोस, उगाच काळजी करत बसेल." कोरे तिचा नवरा. मी नाही सांगितलं. निवृत्तीला तिची दीडच वर्षं उरली होती. तेवढी निभावून नेऊ, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत माझी बहीण गेली. मी तीन दिवस तिच्या अंत्यविधीसाठी ट्रॉन्हाइम शहरात होते. परत आले तर आमचा व्यवस्थापक आयविन दारातच उभा. चौदा नंबरच्या खोलीतल्या हाल्वरना मिक्सरमधून काढलेलंच जेवण द्यायचं असतं. त्यांच्या ताटात कॉड माशाचा अख्खा तुकडा गेला होता. नर्सनं तो घशातून वेळेवर काढला म्हणून ते वाचले, पण फुप्फुसाला सूज येऊन इस्पितळात होते.

"मी ते मिक्सरमधून काढलंच होतं," ओडनी सांगत होती. "मला चांगलं आठवतंय." ती खोटं बोलत नव्हती.

आयविननं मला खोलीत नेलं. मी सगळं सांगितलं.

"किती महिने चाललंय हे?"

"चार."

 "चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला तपासलं असतं, टोरुन. तू तिला सांभाळलंस, पण हाल्वरना कोण सांभाळणार होतं?"



त्याच दुपारी ओडनीला रजेवर पाठवलं. कपाटातले बूट पिशवीत भरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी मला सांगायचंस. निदान मला."

हाल्वर महिन्यानं परतले, पण आता खुर्चीत बसत नाहीत, अंथरुणालाच खिळलेत.

मी दर गुरुवारी ओडनीकडे जाते. दालचिनीचे बन नेते. तिला स्वतःच्या मुलीचं नाव चटकन आठवत नाही. माझं मात्र आठवतं. "कोरे," ती आतूनच सांगते, "ती टोरुन आलीय. माझ्यावर पाळत ठेवायची ती."

कोरे ओशाळून मला कॉफी देतो. "राग मानू नकोस. ती आजारी आहे."

"नाही मानत," मी म्हणते. ती खिडकीकडे तोंड करून बसते. कॉफी संपली की मी कप धुऊन ठेवते आणि निघते.