उभं राहायची पद्धत

“आजोबा, आज बसमध्ये थांबायचं नाही हं. मी वाकून नमस्कार करेन तेव्हा तुम्ही दिसला पाहिजेत. शपथ?”

“शपथ,” ऑर्विल हॅगन म्हणाला आणि बसची आधीच पुसलेली काच परत पुसायला लागला.

शाळेची बस चालवायची, पोरांना मिनेसोटातल्या त्या बालनाट्यगृहात आणायचं आणि खेळ संपेपर्यंत थंडीने काकडत बाहेर बसायचं, यात त्याची उमर गेली होती. गाव म्हणे, बसवर काय जीव आहे माणसाचा! आता तिथल्या नाटकात नात टिल्डा चंद्राच्या घोड्यावरून उडणारा राजपुत्र झाली होती. स्वतःच्या अकराव्या वर्षी ऑर्विलही तोच राजपुत्र झाला होता. उडण्याचा पट्टा त्याला नाट्यगृहाचे संस्थापक सर स्वतः बांधत, खोलीचं दार लावून. पुढचं त्याने आईला सांगितलं, आईने पोलिसांना.

सर जामिनावर सुटून आले, तेव्हा “आपण का लपायचं?” म्हणून आई त्याला मुद्दाम खेळाला घेऊन गेली. सर रंगमंचावर येताच सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. हे दोघंच बसून राहिले. पुढे सरांना शिक्षा झाली. त्या शिक्षेला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आमचं गाव तसं सभ्य. नाटक कसंही असो, शेवटी उभं राहतं. फारच वाईट असलं तर जरा उशिरा.

आता नाट्यगृहाने आतल्या खोल्यांच्या दारांना काचा बसवल्या होत्या. झाल्या प्रकाराबद्दल खेदाची पाटीही लावली होती, स्वच्छतागृहाशेजारी, म्हणजे सगळ्यांच्या नजरेस पडावी. नाटक मात्र सरांनी बसवलेलंच होतं. तिकिटं खपतात.

ऑर्विल आत जाऊन बसला, तर शेजारच्या खुर्चीत चर्चमधल्या ब्लॉमक्विस्टबाई निघाल्या.

“आलास बाबा एकदाचा! जुनं विसरावं रे. माणूस वाईट, पण नाटक काय बसवायचा!”

“तुम्ही उभ्या होतात त्या दिवशी.”

“सगळेच होते. एकटीने बसून कसं राहायचं? बरं दिसतं का ते?”

पडदा वर गेला. टिल्डा उडाली. ऑर्विलचे ओठ तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते. नाटक सुंदर होतं, हे त्याला फार लागलं.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. त्याच्यासमोर नुसत्या पाठी आणि कोट.

“ऊठ की! नात आहे तुझी!” ब्लॉमक्विस्टबाईंनी त्याची बाही ओढली.

“मी बसूनच बघतो.”

तो खुर्चीच्या कडेला सरकला, हात जमिनीला टेकेपर्यंत खुर्च्यांमधल्या वाटेत झुकला. कोटांच्या फटीतून वाकलेली टिल्डा दिसली. ती उभ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होती.