एका वाक्यात सांगा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तिचे वडील ती पायरी कधीच चढले नाहीत. एकतीस वर्षं ते पायरीच्या शेजारी, व्हरांड्यातल्या चौथ्या टेबलापाशी बसले आणि चढायला निघालेल्यांचे अर्ज टाइप करत राहिले. परवान्यावर त्यांचा धंदा ‘अर्जनवीस’ असा लिहिलेला होता. लोक त्यांना ‘एकवाक्ये काका’ म्हणत. त्याचं कारण पुढे येईलच.

त्या मंगळवारी ती नेहमीसारखी एक वाजता डबा घेऊन आली. ती दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायची. दुपारच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं वडिलांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचं, हा नेम. बोलायचं असं काही नाही. ते गिऱ्हाइकांशी बोलत, ती ऐके.

“समन्स घेतलंच नाही तर केस आपोआप पडते ना?” समोरचा माणूस विचारत होता. आपण मोठी युक्ती काढली आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

“तुम्ही नाही घेतलं तर दार घेतं,” वडील म्हणाले. “दारावर चिकटवतात. दारानं घेतलं म्हणजे तुम्हीच घेतलं.”

“आणि दार उघडलंच नाही तर?”

“चिकटवायला बंद दारच बरं पडतं.”

तो गेल्यावर एक बाई आल्या. वकील न करता आपलं आपण उभं राहता येतं का, असं त्यांचं विचारणं होतं. “येतं की,” वडील म्हणाले. “उभं राहायला कुणाची मनाई नाही. काय बोलायचं तेवढं घरून ठरवून या.” त्यांच्या मागे एक पेन्शनर होते. त्यांना जज्जसाहेबांनाच खासगीत एक पत्र टाकायचं होतं. “समजून घेतील हो. माणूस भला दिसतो.”

“भला असेल तर वाचणार नाही.”

“म्हणजे काय? आमची बाजू खरी आहे!”

“समोरच्यानंही पत्र टाकलं असेल. त्यानंही हेच लिहिलं असेल.”

पेन्शनर थोडा वेळ समोरच्याच्या आगाऊपणावर संतापले आणि मग अर्जच करायचा म्हणून खुर्चीवर बसले. इथे वडिलांचा नियम सुरू व्हायचा. काय हवंय ते माणसानं आधी एका वाक्यात, मोठ्यानं सांगायचं. तोपर्यंत यंत्रात कागद चढत नसे. लोक आजोबांपासून सुरुवात करत, रडत, शेजाऱ्यांच्या सुनांपर्यंत जाऊन येत. वडील दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहत. हूं नाही की चूं नाही. फारच झालं तर, “ताकाला जाऊन भांडं लपवू नका,” एवढंच. शेवटी माणूस आपला आपणच आटत आटत एका वाक्यावर येई. मग कागद चढे. जे तोंडातून निघत नाही ते कागदावर टिकत नाही, असं त्यांचं मत होतं.

“आज उशीर होईल,” ती उठताना म्हणाली. “नवी पुस्तकं आलीत.”

“बरं.”

“डबा आठवणीनं आणा.”

“बरं.”

ते शेवटचं बोलणं. ते एरवी एकदाच ‘बरं’ म्हणत, त्या दिवशी दोनदा म्हणाले, हे तिला नंतर आठवलं. त्यातून काही निष्पन्न होत नव्हतं. तिची वाक्यं दोन होती, म्हणून ‘बरं’ दोन.

दुपारी तीनच्या सुमारास एक कुंपणवाला आला. म्हणजे कुंपणाचं भांडण असलेला. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं पणजोबांच्या वाटणीपासून सुरुवात केली. वडील हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ झाला तरी काही बोलेनात. कुंपणवाल्याला व्हरांड्याचा रिवाज माहीत होता. आपलं लांबतंय हे ओळखून त्यानं पणजोबा गाळले आणि पुन्हा सांगितलं. तरी उत्तर नाही. मग त्यानं आजोबा गाळले. मग शेजाऱ्याच्या मेव्हण्याचा स्वभाव गाळला, जो गाळताना त्याला फार जड गेलं. चौथ्या खेपेला तो म्हणाला, “शेजाऱ्यानं माझ्या हद्दीत हातभर भिंत घातलीय, ती मला काढून हवी.” आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाला, “जमलं की नाही, काका?”

तेवढ्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्या मावशी स्टेपलर मागायला आल्या आणि त्यांनी वडिलांकडे नीट पाहिलं.

“ताई, मला वाटलं ते ऐकतायत,” कुंपणवाला तिला दवाखान्यात म्हणाला. त्याचे जोडलेले हात सुटत नव्हते.

“सगळ्यांना तसंच वाटायचं,” ती म्हणाली.

फॉर्मवर मृत्यूची वेळ विचारली होती. खरं उत्तर ‘दुसऱ्या आणि चौथ्या खेपेच्या दरम्यान’ असं होतं. तिनं तीन वाजून दहा मिनिटं लिहिलं.

आई लवकर गेलेली, त्यामुळे घरात दोघंच होती. दोघंही अबोल. बारा वर्षांपूर्वी तिनं कायद्याचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेही तोंडानं सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलावर रीतसर पत्र ठेवलं. विषय, शिक्षण थांबवण्याबाबत. सकाळी पत्र तिथंच होतं आणि समासात वडिलांच्या अक्षरात ‘पाहिले’ असं लिहून खाली सही आणि तारीख होती. पत्रात कारण नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

कारण एवढंच होतं. वर्गाला कोर्ट दाखवायला आणलं होतं. सगळ्यांच्या अंगावर काळे कोट. सर व्हरांड्यात थांबले आणि टेबलांकडे बोट करून म्हणाले, “ही माणसं नीट बघून ठेवा. उंटावरून शेळ्या हाकतात आणि गरिबाची केस बिघडवतात.” पोरं हसली. सरांचं बोट चौथ्या टेबलापाशी थांबलं. वडिलांनी यंत्रावरून मान वर केली आणि तिला पाहिलं. चेहऱ्यावर ओळखीचं हसू यायला सुरुवात झाली होती. सर तिला म्हणाले, “काय गं, तू ओळखतेस का यांना?” ती म्हणाली, “नाही सर.” वडिलांनी मान खाली घातली आणि कागद सरळ केला. तो सरळच होता.

पुढच्या आठवड्यात तिनं कॉलेज सोडलं. लाज वाटली म्हणून सोडलं. पण ती लाज त्यांची वाटली असं त्यांना वाटलं असेल, तर ते तिनं बारा वर्षांत एकदाही खोडून काढलं नव्हतं.

वडील गेल्यावर आठवडाभरानं वाचनालयात लोक यायला लागले. पुस्तकासाठी नव्हे. “एकवाक्ये काकांची मुलगी तुम्हीच ना? पोलिसानं तक्रार लिहून घेतली नाही तर कुठं जायचं?” ती सांगायची. “तारखेला आजारी पडलो तर?” तेही तिला सांगता आलं. रोजची पंधरा मिनिटं बारा वर्षं, त्यात केवढं काय काय कानावर पडलं होतं, हे तिलाच ठाऊक नव्हतं. ग्रंथपाल चांगला माणूस होता. त्यानं पंधरा दिवस सोसलं. मग म्हणाला, “बाई, तुम्ही यांना एक तर पुस्तक द्या नाही तर टेबल घ्या.”

तिला टेबल हवं होतं. हे तिला त्या क्षणी कळलं आणि तिनं आणखी आठ दिवस ते कुणाला सांगितलं नाही. टेबलावर नोटीस चिकटवलेली होती. तीस दिवसांत वारसानं नाव लावलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. वाट बघणारे अकरा जण होते. तिसाव्या दिवशी पावणेपाचला ती परवान्याच्या खिडकीपाशी उभी राहिली. पाचला खिडकी बंद व्हायची. साक्षीला झेरॉक्सवाल्या मावशी होत्या आणि कुंपणवाला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला होता.

“परवान्यावरचं नाव बदलायचंय,” ती म्हणाली.

“आधीच्या परवानाधारकाची संमती?” कारकुनानं विचारलं.

“ते वारलेत.”

“म्हणूनच तर नाव बदलायचं. संमती आणली आहे का?”

“ते वारलेत,” ती पुन्हा म्हणाली.

कारकुनानं चष्मा वर केला. “सगळे इथंच अडतात,” तो म्हणाला आणि त्यानं वारसाचा वेगळा नमुना काढून दिला.

तिनं नमुना भरला. सहीच्या वरचं सगळं वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही वडिलांची शिकवण. लोक हसायचे, पण ते त्यांना स्वतःच्या लाइट-बिलावरचा मजकूरही मोठ्यानं वाचायला लावत. तिनं वाचत आणलं. पाचवं कलम असं होतं: ‘सदर मयत इसमाशी असलेले माझे नाते मी कधीही, कोठेही व कोणासमोरही नाकारलेले नाही.’

“हे कशाला?” तिनं विचारलं.

“एका पोरानं बाप अडचणीत असताना पोलिसांना सांगितलं, हा माझा कुणी नाही. बाप गेल्यावर टेबल मागायला पहिला हजर. तेव्हापासून घातलंय,” कारकून म्हणाला. “तुमचं तसं काही नाही. करा सही. सगळे करतात.”

तिनं पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. घड्याळात पाचला दहा कमी होते.

“काय गं, पेन चालत नाही का?” मावशी मागून म्हणाल्या.

“पेन चालतंय.”

मावशींनी तिच्या खांद्यावरून डोकावून, ओठ हलवत पाचवं कलम वाचलं. “एवढंच ना? यात काय…” असं म्हणता म्हणता त्या थांबल्या. “अच्छा,” त्या म्हणाल्या. “ते होय.”

ती वळली. “तुम्हाला माहितीय?”

“अगं, मी कुठं जाणार होते? तिथंच होते की मशीनपाशी. तुला हाक मारायला तोंड उघडलं तर तुझ्या बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, मुलगी कामावर आलीय, मध्ये बोलू नका.”

“मी ‘नाही’ म्हणाल्यावर?”

“नंतरच ना! आधी कशाला धरतील? मला असा राग आला होता तुझा. म्हटलं, कार्टीला दोन शब्द सुनावते. तर मलाच दटावलं.” मावशींनी नाक ओढलं. “त्या दुपारी त्यांनी एक अर्ज घेतला नाही. फडक्यानं टेबल पुसत बसले. एकच टेबल, पुसून पुसून किती पुसणार? जाताना मला म्हणाले, कोट चांगला दिसत होता तिला.”

कुंपणवाला मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होता.

“ताई, पाच मिनिटं,” कारकून म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असा चेहरा केला होता. खिडकीत बसणाऱ्याला तो येतोच.

“पाचवं कलम माझ्या बाबतीत खरं नाही,” ती म्हणाली.

“मग सही नका करू. टेबल जाईल.”

“खोडता येतं का?”

कारकुनानं खालच्या कप्प्यातून एक जुनं परिपत्रक काढलं, धूळ झटकली आणि वाचलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र तयार होतं. “येतं,” तो आश्चर्यानं म्हणाला. “कारण तोंडी सांगायचं. मोठ्यानं, दोन्ही साक्षीदारांना ऐकू जाईल असं. ते मी समासात लिहायचं. मग सही चालते.” त्यानं नमुना उलटसुलट करून पाहिला. “पण समास फार लहान आहे हो.”

“किती?”

“एक वाक्य मावेल.”

तिनं सुरुवात केली. त्या दिवशी ऊन फार होतं, सर नवीन होते, कोट उसना होता. हे सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि हे नमनालाच घडाभर तेल आहे, हेही तिला कळलं. तिनं ऊन गाळलं. मग सर किती नवीन होते ते गाळलं. आपण एकोणीस वर्षांच्या होतो, हे गाळताना तिला फार जड गेलं. खिडकीपलीकडे कारकून पेन उघडून थांबला होता. तिनं पेन खाली ठेवलं, दोन्ही हात मोकळे झाले, तसे तिनं ते एकावर एक समोर धरले. मग मान वर केली. व्हरांड्यातलं चौथं टेबल तिथून दिसत होतं, त्यावरचं यंत्र झाकलेलं होतं.

“बारा वर्षांपूर्वी याच व्हरांड्यात सरांनी मला विचारलं, यांना ओळखतेस का,” ती मोठ्यानं म्हणाली, “आणि माझे बाबा ऐकत असताना मी ‘नाही’ म्हणाले.”